शेत मुलांच्या हाती देण्याआधी

सुरुवात कागदांपासून करू नका, आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. शेतात राबणारी मुलं, नोकरीसाठी बाहेर गेलेली, सुना, जावई, सगळेच. शेती खरंच कुणाला करायची आहे, हे विचारा. "तोच बघेल" असं धरून चालू नका. बाकीच्यांना काय मिळणार तेही तिथेच बोला. आईवडील गेल्यावर भावंडांनी हा हिशेब काढायला बसणं फार वाईट.

मग कागद. जमीन आजही आजोबांच्याच नावावर आहे का? हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का, वाटेचा आणि पाण्याचा हक्क लेखी आहे की नुसता तोंडी? कर्ज, उसनवारी, कुणाला राहिलेला जामीन, सगळं एका जागी उतरवा. मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि वाटणी यांतला फरक, त्यावरचा कर, हे वकिलाकडून समजून घ्या. बक्षीस दिलेली जमीन परत मिळवणं अवघड असतं. म्हणून राहतं घर, दवाखाना आणि महिन्याचा खर्च यांची सोय आधी लिहून घ्या. यात मुलांवरचा अविश्वास नाही. पुढे दर महिन्याला हात पसरायची वेळ येऊ नये, एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र डोक्यातल्या शेतीला द्या. कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, विहीर कधी तळ गाठते, हे कुठल्याच दप्तरात नसतं. आमच्याकडे जमिनीखालची पाइपलाइन फक्त वडिलांना माहीत होती. ते गेले आणि एक गळती शोधायला आम्ही तीन ठिकाणी खणलं, उभ्या पिकात. म्हणून वही घ्या, पुढे शेत बघणाऱ्याला सोबत घेऊन बांधाबांधाने फिरा आणि नकाशा त्याच्याच हातून काढून घ्या. माती परीक्षणाचे जुने अहवाल त्याच वहीत लावा. नवा नमुना घ्याल तेव्हा तो वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर थरातला, एकाच शेतात आठ-दहा ठिकाणची माती मिसळून घेतलेला असू द्या.

पहिल्या वर्षी एकच तुकडा सोपवा, पण पेरणीपासून विक्रीपर्यंत पूर्ण. वाण चुकीचं निवडलंय असं वाटलं तर एकदा सांगा, मग गप्प राहा. पुढच्या हंगामात मजुरी आणि खतांचे पैसे त्याच्या हातून जाऊ द्या. व्यापारी सवयीने तुम्हालाच भाव विचारेल, त्याला मुलाकडे पाठवा. आणि सगळ्या व्यवहारांवर त्याची सही कधीपासून चालेल ती तारीख ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.