लबने: ब्रेडला लावायचा खारा चक्का, घरच्या घरी

लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन या भागात सकाळी नाश्त्याला ब्रेडसोबत लबने असतंच, आणि हे लबने म्हणजे आपला चक्काच, फक्त श्रीखंडासाठी घालतो त्या साखरेच्या जागी मीठ. पाडव्याला श्रीखंडासाठी घरी दही टांगत असाल तर अर्धं काम तुम्हाला येतंच.

फुल क्रीम दुधाचं १ किलो दही घ्या, ताजं आणि गोडसर हवं. त्यात छोटा चमचाभर मीठ घालून फेटा, मीठ आधीच घालायचं म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. मग पातेल्यावर चाळणी, चाळणीत दुहेरी मलमल, त्यात दही ओतून पुरचुंडी बांधा आणि सगळं फ्रीजमध्ये ठेवा. हे फ्रीजचं खरंच ऐका. मी पहिल्यांदा मे महिन्यात रात्रभर ओट्यावर टांगून ठेवलं आणि सकाळी इतकं आंबट झालं होतं की ब्रेडला लावून खाववेना, शेवटी कढी केली. श्रीखंडात साखर आंबटपणा सांभाळून घेते, इथे सांभाळणारं कोणी नाही.

१२ तासांत मऊ, २४ तासांत घट्ट होतं. फडकं सोडलं की गोळ्यावर कापडाची वीण उमटलेली दिसते आणि कापड न चिकटता सुटतं, तेव्हा समजायचं झालं.

आता वाढणं, आणि यात घाई करू नका. पसरट ताटलीत लबने घ्या, चमच्याच्या पाठीने गोल फिरवत खळगे करा आणि ऑलिव्ह ऑइल सढळ हाताने ओता, ते खळग्यांत साचतं आणि प्रत्येक घासाला येतं. वरून झातार भुरभुरवा, म्हणजे तिकडच्या ओरेगॅनोसारख्या रानवनस्पतीची वाळवलेली पानं, तीळ, मीठ आणि सुमाक नावाच्या आंबट लाल फळांची पूड यांचं मिश्रण. झातार मिळालं नाही तर भाजलेले तीळ, पिझ्झावरचं ओरेगॅनो आणि चिमूटभर आमचूर घ्या, चव तीच नाही येत पण छान लागतं. सोबत काकडी, टोमॅटो, पुदिना आणि गरम पिटा, म्हणजे तिकडचा चपटा ब्रेड. क्रॅकर्सवर पण मस्त, आणि मला विचाराल तर गरम ज्वारीच्या भाकरीवर सगळ्यात भारी.

जास्त केलं असेल तर ४८ तास निथळू द्या, तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे वळा, कोरड्या बरणीत ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. तिकडे जुन्या काळापासून लबने असंच तेलात बुडवून टिकवतात. निथळलेलं पाणी टाकू नका, थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा, मीठ मात्र बेतानं घाला.