उपग्रहचित्रावरून टार्टुपालुकचं क्षेत्रफळ कसं मोजावं

ग्रीनलँड आणि कॅनडाचं एल्समीर बेट यांच्यामधल्या केनेडी चॅनेलमध्ये, ८०°४९′ उत्तर आणि ६६°२७′ पश्चिम इथे टार्टुपालुक ऊर्फ हान्स बेट आहे. निर्जन, उघडा खडक, सुमारे १.३ चौ. किमी.

वेबवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशावर ते मोजू नका. या अक्षांशावर लांबी सहापटीहून जास्त ताणली जाते आणि क्षेत्रफळ जवळजवळ ३९ पट दिसतं. यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) विभाग १९ उत्तर घ्या. विभागाची कड बेटापासून आठेक किलोमीटरवरच आहे, त्यामुळे विभाग २० मधली चित्रंही हाती लागतात; दोन्हींची सरमिसळ नको. ध्रुवीय स्टिरिओग्राफिक (ध्रुवाभोवती आखलेला नकाशा-प्रक्षेप, ईपीएसजी क्रमांक ३४१३) मध्ये आकडा सुमारे ५ टक्के कमी येतो.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचं चित्र निवडा, तेव्हा किनाऱ्यावर बर्फ सगळ्यात कमी असतो. जानेवारी २०२२ नंतरच्या चित्रांत प्रत्येक बँडच्या (एका ठरावीक तरंगलांबीच्या प्रतिमेच्या) आकड्यांमधून १००० वजा करायला विसरू नका. ते राहिलं तर काळं पाणी खडकासारखं मोजलं जातं, आणि ही चूक सहज नजरेतून सुटते.

आता बी११ हा लघु-अवरक्त बँड (२० मी.) बी३ या हिरव्या बँडच्या १० मीटरवर आणा आणि क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (बी३ − बी११) ÷ (बी३ + बी११) काढा. बर्फ आणि पाणी दोन्हींचं उत्तर मोठं येतं, खडकाचं लहान. म्हणून बेट दोन्हींपासून एकाच फटक्यात सुटतं. सीमामूल्य (ज्याच्या खालचं ते खडक धरायचं तो आकडा) ०.४ पासून सुरू करा आणि मूळ चित्राशी ताडून खाली आणा.

फसवतात त्या दोन गोष्टी. धुकंही खडकासारखंच उत्तर देतं, म्हणून किमान तीन तारखांची चित्रं जुळवा. दुसरी सावली: जुलैअखेर भरदुपारीही सूर्य जेमतेम २८ अंशांवर असतो, १०० मीटरच्या कड्याची सावली १८५ मीटरच्या पुढे जाते. त्या बाजूचा किनारा हातानेच आखावा.

शेवटी खडकाचे पिक्सेल (१० × १० मी. चे चौकोन) मोजा. दहा हजार पिक्सेल म्हणजे १ चौ. किमी. परीघ साधारण ४ किमी आहे. किनारा एका पिक्सेलने सरकला तरी ०.०४ चौ. किमी, म्हणजे ३ टक्के फरक पडतो. त्यामुळे दशांशानंतर दोनच अंक लिहा.

क्षेत्रफळ देशवार विभागायचं असेल तर जुनी सीमा-फाइल चालणार नाही. कॅनडा आणि डेन्मार्क (ग्रीनलँड त्याच्याच राज्यात) यांच्या १९७३ च्या करारातली रेष बेटाच्या दोन्ही बाजूंना थांबते. १४ जून २०२२ च्या करारानंतर सीमा बेटावरून जाते, तीही खडकातल्या नैसर्गिक घळीच्या कलाने. दोन टोकं सरळ रेषेने जोडलीत तर वाटणी चुकेल.