कोंबडा अंगावर येतोय? आधी पळणं बंद करा

आमच्या इंदूरच्या घरी मागच्या अंगणात पाच कोंबड्या अन् एक कोंबडा, पिल्लू होता तेव्हा मांडीवर बसून उरलेले पोहे खायचा, आणि पाचव्या महिन्यात एकदम गुंडा झाला, आईची साडी दिसली की मागे धावायचा. साधारण ४ ते ६ महिन्यांत हार्मोन्स चढतात, तेव्हा हे बऱ्याचदा होतं, तो तुम्हाला दुसरा कोंबडाच समजतो. आधी इशारा देतो बरं का, एक पंख खाली सोडून जमिनीला घासत तिरका तिरका येतो, मान फुगवतो. तेव्हा पळालात की तो जिंकला, लाथ मारलीत तर लढाई पक्की. शांत उभं राहायचं, फुल पँट आणि बूट घालून, हळू दोन पावलं त्याच्याच दिशेनं टाकायची, तो बाजूला होईपर्यंत. तरी उडी मारलीच तर पंख दाबून काखेत धरायचा, गप्प होईपर्यंत सोडायचा नाही. त्याच्यासमोर कोंबड्या पकडू नका. दोन कोंबडे असतील तर एक वेगळा ठेवा, एकामागे आठ-दहा कोंबड्या असलेल्या बऱ्या (आमच्याकडे पाचच, म्हणूनही भडकला असेल). लहान मुलांना मात्र एकटं सोडूच नका, पायामागचा काटा थेट डोळ्याला लागू शकतो.