विंडोज सुरू होत नसेल तर: फॉरमॅट मारण्याआधी करावयाची दुरुस्ती

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण असे, की बॅटरी केव्हाच निकामी झालेली असते, यंत्र केवळ चार्जरवर चालत असते आणि विंडोजचे अपडेट अर्ध्यावर असताना वीज जाते. डिस्कवर त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या सिस्टिम फाइल अपुऱ्या राहतात. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो, त्याखाली ठिपके गोल फिरत राहतात आणि अखेर निळा किंवा काळा पडदा येतो. दुकानात नेल्यास ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर बहुधा तयार असते. फॉरमॅटने लॅपटॉप सुरू होतो हे खरे, परंतु आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, होम-स्टेची आरक्षणे आणि सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती त्यासोबत पुसल्या जातात. आणि अनेकदा फॉरमॅटची गरजच नसते.

पडद्यावर लोगोही येत नसेल, तर दोष विंडोजचा नव्हे, यंत्राचा आहे, आणि पुढील उपाय त्यावर लागू पडणार नाहीत. लोगो येत असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन डिस्कचे नाव दिसते की नाही ते पाहावे. नाव दिसत नसेल, किंवा जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कोणतीही दुरुस्ती न करता माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे जावे.

विंडोजची स्वतःची दुरुस्तीची जागा उघडण्यासाठी लॅपटॉप सुरू करावा आणि लोगोखाली ठिपके फिरू लागताच पॉवरचे बटण यंत्र बंद होईपर्यंत दाबून धरावे. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केल्यास विंडोज आपणहून ऑटोमॅटिक रिपेअरकडे वळते, आणि तेथून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ट्रबलशूट असा रस्ता मिळतो. तेही न उघडल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन माध्यम तयार करावे. त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते आणि काही जीबी डेटा खर्च होतो; म्हणून हे काम रेंज धड असेल तेथेच उरकावे. या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केल्यावर इन्स्टॉल न निवडता संगणक दुरुस्त करण्याचा पर्याय निवडावा.

येथे पुष्कळांना बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, अडवतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मालकाच्या ध्यानीमनी नसताना डिस्क कुलूपबंद झालेली असते आणि 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की बहुधा त्या लॅपटॉपवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरावे आणि पडद्यावरील की-आयडीची पहिली अक्षरे जुळणारी की वापरावी. की न मिळाल्यास फाइल वाचण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फाइल बाहेर काढाव्यात, आणि हा टप्पा घाईत असलेल्यानेही गाळू नये. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची काळी चौकट) उघडून नोटपॅड असे टाइप करून एंटर दाबावे. (या लेखातील आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत.) नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन निवडून खालच्या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ केले, की त्या लहानशा चौकटीत संपूर्ण डिस्क दिसू लागते. युजर्स फोल्डरमधील आपल्या नावाचे फोल्डर उघडून डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि पिक्चर्स यांवर उजवी क्लिक करून कॉपी करावे आणि दुसऱ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर पेस्ट करावे. कॉपी होत असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही आणि चौकट गोठल्यासारखी वाटते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तोवर तिला हात लावू नये.

त्याच चौकटीत विंडोजचे फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर आहे तेही नोंदवून घ्यावे, कारण दुरुस्तीच्या या जागेत नेहमीचा सी ड्राइव्ह कधीकधी डी म्हणून दिसतो. पुढे सी लिहिले आहे. आपल्याकडे दिसेल ते अक्षर घालावे.

आता आधी स्टार्टअप रिपेअर चालवून पाहावे. त्याने भागले तर उत्तमच. बिघाड अपडेटनंतर लगेच झाला असेल, तर अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचे क्वालिटी अपडेट काढावे. त्यानेही न भागल्यास कमांड प्रॉम्प्टकडे परतावे. प्रथम डिस्कची तपासणी: चेकडिस्क, म्हणजे ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’. याच्या पुढे /आर जोडल्यास डिस्कचा प्रत्येक भाग तपासला जातो आणि मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. वीज वरचेवर जाणाऱ्या घरात हे काम इन्व्हर्टरच्या आधाराशिवाय सुरू करू नये, नाहीतर दुरुस्तीतूनच नवा बिघाड उभा राहायचा.

त्यानंतर सिस्टिम फाइलची तपासणी. नुसते ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ लिहिणे येथे व्यर्थ आहे, कारण प्रॉम्प्ट एक्स या तात्पुरत्या ड्राइव्हवर उघडलेला असतो आणि आपले बिघडलेले विंडोज वेगळ्या जागी असते. पूर्ण आज्ञा अशी: ‘एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज’. प्रत्येक तिरप्या रेघेआधी... म्हणजे /स्कॅननाऊ, /ऑफबूटडिर आणि /ऑफविनडिर यांच्या आधी एकेक जागा सोडावी. ‘डिर’ हे डी, आय, आर या तीन अक्षरांनी लिहावे.

‘सिस्टिम रिपेअर पेंडिंग’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबले, तर अर्धवट अपडेट अजून अडकून आहे असे समजावे. त्यावर ‘डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स’ ही आज्ञा देऊन ते मागे फिरवावे, लॅपटॉप पुन्हा सुरू करून पाहावा आणि गरज पडल्यास वरची तपासणी परत करावी. वीज जाऊन बिघडलेल्या यंत्रावर माझा भर याच आज्ञेवर असतो. विंडोज सुरू करून देणारा भाग दुरुस्त करणाऱ्या बूटरेकच्या आज्ञा मात्र उगाच चालवू नयेत. त्यांतील फिक्सएमबीआर जुन्या पद्धतीच्या बायोससाठी आहे आणि यूईएफआयच्या, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीच्या, लॅपटॉपवर तिचा उपयोग होत नाही.

एवढ्यानेही विंडोज उभे राहिले नाही, तर रिसेट धिस पीसीमधून ‘कीप माय फाइल्स’ निवडावे. वैयक्तिक फाइल राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. म्हणून हिशेबाच्या किंवा मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमची परवाना-की आधी शोधून ठेवावी. क्लाउड डाउनलोडला, म्हणजे विंडोज नेटवरून नव्याने उतरवून घेण्याला, 4 जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. नेट अपुरे असल्यास लोकल रिइन्स्टॉल निवडावे, मात्र त्यात बिघडलेल्या फाइलच पुन्हा वापरल्या जाऊन अपयश येण्याची शक्यता राहते.

लॅपटॉप सुरू झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा द्यावी. तयार झालेल्या अहवालात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली आला असेल, तर नवी बॅटरी बसेपर्यंत विंडोजची अपडेट पॉज करून ठेवावीत आणि इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असेल तेव्हाच ती उरकावीत.