ड्रायव्हर बदलू नका, आधी कंबर वळवा: गोल्फ स्विंगमधल्या या चुका टाळा

रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, नवीन आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते, ‘सर, ड्रायव्हर लांब जात नाही.’ (ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, गोल्फची काठी.) आणि लगेच तो दातओठ खाऊन हाणायला लागतो. चेंडूचं वजन ४६ ग्रॅमही भरत नाही. त्याला क्लबचा वेग लागतो आणि तो वेग पायांपासून चढत येतो: आधी कंबर, मग छाती, मग हात, सगळ्यात शेवटी क्लब. हा क्रम मोडला की दंडात कितीही जोर असला तरी वाया जातो. (खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.)

खांद्याने घाई करणं. क्लब वर पोचतो न पोचतो तोच उजवा खांदा पुढे रेटतात. मग क्लब बाहेरून आत येतो, चेंडूला तिरका घासतो आणि चेंडू वळत उजवीकडे पळतो. हाच स्लाइस. लोक त्यावर उपाय म्हणून आणखी डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्याने स्लाइस वाढतोच.

पुण्यात एक तरुण शिकायला यायचा. जिम करणारा, आधी वेगवान गोलंदाजी केलेला. शेजारी साठी उलटलेले एक काका शांतपणे त्याच्यापेक्षा लांब चेंडू मारायचे, आणि हा चिडून आणखी जोर लावायचा. ड्रायव्हर बदलून झाले, शेवटी पाठ धरली. बरा होऊन आला तेव्हा मी त्याच्या हातात सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) दिलं आणि पाय जुळवून उभं केलं. बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) संपत येताना डावं पाऊल लक्ष्याकडे टाकायचं, मगच मारायचं. त्याला हा पोरखेळ वाटला. मी विचारलं, ‘पुढचा पाय टेकायच्या आधी कधी चेंडू सोडलायस का?’ तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पाऊल आधी पडलं की कंबर आपोआप पुढे राहते. माझ्याकडे आजही हा सराव झाल्याशिवाय कोणी ड्रायव्हरला हात लावत नाही.

वळण्याऐवजी सरकणं. बॅकस्विंगमध्ये कंबर उजवीकडे घसरते आणि वजन उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातं. तिथून वेळेत परत येणं अवघड. उजव्या पायाबाहेर कंबरेला जेमतेम न लागेल अशी एक छत्री रोवा. स्विंग करताना छत्री हलली, तर तुम्ही सरकलात.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खुबे आखडलेले असतात. कमरेच्या मणक्यांत मुळातच वळण थोडं, म्हणून खुबे आणि छातीमागचा मणका मोकळा हवा. ते मोकळे नसतील तर बॅकस्विंगमध्ये डावी टाच खुशाल उचला. १८ मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकणारा जॅक निक्लॉस उचलायचा. टाच जमिनीला खिळवून कंबर पिळण्याचा आग्रह मला अजिबात पटत नाही.

क्लब आवळून धरणं. मनगटं अडकतात. पकड सैल करा.

डोकं जखडून ठेवणं. थोडं हललं तर हलू द्या. मान ताठ केली की खांदे वळत नाहीत.

फॉलो-थ्रू, म्हणजे फटक्यानंतरचा स्विंग, अर्धवट सोडणं. शेवटी पोट लक्ष्याकडे आणि वजन डाव्या पायावर हवं. तसे तोल सावरून उभे राहता येत नसेल, तर जोर कमी करा.

आल्या आल्या ड्रायव्हर काढणं. आधी खुबे, खांदे मोकळे करा, मग वेजने, म्हणजे जवळच्या अंतराच्या क्लबने, छोटे फटके. पाठ कुरकुरत असेल, तर त्या दिवशी फक्त पटिंग, म्हणजे चेंडू हळूच खड्ड्याकडे घरंगळवणं.