आधी अंबाबाई का आधी तांबडा-पांढरा?

कोल्हापूरला फॅमिली घेऊन गेलं की पहिलं भांडण ह्यावरच, सासूबाई म्हणणार मटण खाऊन देवळात जायचं नाही आणि पोरं भुकेनं कावलेली. सकाळी लवकर दर्शन उरका, मंगळवार-शुक्रवार गर्दी असते तेवढे टाळा, मग मिसळ (पोरांना कट वेगळा मागा), दुपारी रस्सा, विषय संपला. जोतिबा-पन्हाळा एकाच बाजूला, एका दिवसात होतात, फक्त रविवार नको, जोतिबाचा वार. आणि नव्या कोल्हापुरी चपला घालून गडावर जाऊ नका ओ, आमच्या ह्यांनी तीन दरवाजा अनवाणी बघितला! चपला संध्याकाळी महाद्वार रोडला घ्या, पण जरा घट्टच, चामडं वापरून सैल होतंय.