थरांच्या लॅटेक्स गादीचा कडकपणा कसा ठरवावा

लॅटेक्सची गादी घ्यायला गेले की विक्रेता बहुधा "मऊ, मध्यम की कडक?" एवढेच विचारतो. परंतु दोन किंवा तीन इंचांचे सुटे थर चेनच्या खोळीत एकावर एक रचून ही गादी तयार होत असल्यामुळे तोच प्रश्न प्रत्येक थरासाठी वेगळा विचारावा लागतो. सर्वांत खालचा थर शरीराचा भार पेलतो, मधला कंबर आणि नितंबांना सावरतो, तर वरचा खांदा व कटीच्या हाडांना जागा करून देतो. खालचा थर कडक घ्यावा, त्याबाबत फार खल करण्याची गरज नाही. खरी निवड वरच्या दोन थरांची असते.

आपल्याकडे कडकपणा घनतेच्या आकड्याने सांगण्याची पद्धत आहे. घनमीटरला साधारण ६५ किलो म्हणजे मऊ, ७५ ते ८० म्हणजे मध्यम आणि ८५ ते ९० म्हणजे कडक, असा हा ढोबळ हिशेब असतो. परदेशी बनावटीच्या गाद्यांवर आयएलडी हा आकडा दिसतो. चार इंच जाडीचा तुकडा ठरावीक मापाच्या चकतीने त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबण्यासाठी किती पौंड भार लागतो, ते तो सांगतो. २० च्या आसपास मऊ, २५ ते ३० मध्यम आणि ३५ च्या पुढे कडक समजावे. कडकपणाचे थेट माप हेच आहे, घनता नव्हे. लॅटेक्स बनवण्याच्या मुख्य पद्धती दोन. डनलॉप पद्धतीत रबराच्या झाडाच्या चिकाचा फेस साच्यात भरून वाफेवर पक्का करतात. टालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून तो फेस निर्वाताने फुगवतात आणि गोठवून मग तापवतात, त्यामुळे थर अधिक एकसारखा व मऊसर होतो. म्हणून दोन वेगळ्या पद्धतींच्या किंवा दोन वेगळ्या उत्पादकांच्या घनतेची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच उत्पादकाच्या थरांमध्ये मात्र हा आकडा उपयोगी पडतो.

त्याच आकड्याचा आणखी एक फायदा आहे. ७८ बाय ६० इंच मापाची, सहा इंच जाडीची आणि ७५ घनतेची संपूर्ण लॅटेक्स गादी खोळीशिवाय सुमारे ३४ किलो भरायला हवी. ती वीस-बावीस किलोच भरत असेल, तर लॅटेक्सच्या पातळ थराखाली साधा फोम दडलेला असण्याचीच शक्यता अधिक. चेन उघडून थर दाखवण्यास नकार देणाऱ्या दुकानातून ही गादी घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा झोपण्याच्या सवयीचा. कुशीवर झोपणाऱ्याच्या शरीराचा भार खांदा आणि कटी या दोनच जागी पडतो. तेथे गादी पुरेशी दबली नाही, तर खांदा दुखतो आणि हाताला मुंग्या येतात. अशा व्यक्तीने वरचा थर मऊ आणि शक्यतो तीन इंचांचा घ्यावा. मऊ थर दोनच इंचांचा असला, तर खांदा खालच्या कडक थरापर्यंत पोहोचतो आणि मऊपणाचे पैसे वाया जातात. उताणे झोपणाऱ्याला वर मध्यम थर पुरतो. पालथे झोपणाऱ्याचे पोट खाली गेले की कमरेला बाक येतो, त्यामुळे त्याला वरपासूनच कडक रचना लागते. वजनाचा विचारही याच्याच जोडीने करावा. पन्नास-पंचावन्न किलोच्या व्यक्तीला जो थर मध्यम वाटतो, तोच नव्वद किलोच्या व्यक्तीला मऊ वाटतो. जास्त वजन असेल तर मधला थर एक पायरी कडक घ्यावा. वरच्या थराला सहसा हात लावू नये.

पाठदुखी असेल तर फळीसारखी कडक गादी घ्या, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. स्पेनमधील ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र कडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे आढळले. कापसाच्या किंवा काथ्याच्या गादीवर वर्षानुवर्षे झोपलेल्यांना लॅटेक्स पहिले काही दिवस जास्तच मऊ वाटते, हेही ध्यानात ठेवावे आणि केवळ त्या अस्वस्थतेपोटी कडक थर मागू नयेत.

दुकानात गादी बसून किंवा तळहाताने दाबून तपासू नये. शक्य असल्यास आपली उशी सोबत न्यावी, नेहमीच्या कुशीवर पंधरा मिनिटे पडून राहावे आणि बरोबरच्या माणसाला मागून मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ पाहायला सांगावे. रेघ कमरेशी खाली झुकत असेल तर मधला थर मऊ पडतो आहे. खांदा वर उचललेला दिसत असेल तर वरचा थर कडक आहे. उताणे असताना कमरेखाली हात सहज आरपार जात असेल, तर गादी त्या व्यक्तीला कडक आहे.

पती-पत्नींच्या वजनात किंवा सवयीत मोठा फरक असल्यास वरचे थर डावे-उजवे असे वेगळे मागवता येतात. लॅटेक्सला लॅटेक्स घट्ट धरून राहते, त्यामुळे मधला जोड सरकत नाही. तरीही सर्वांत वरचा थर अखंड ठेवून फक्त मधला थर विभागला, तर जोड अंगाला जाणवत नाही.

गादीची जाड शिवणकामाची खोळ आणि ताणून बसवलेले जलरोधक आवरण वरचा मऊ थर कडक करून टाकतात, म्हणून दोन्ही ताणली जाणारी घ्यावीत. पलंगाच्या पट्ट्यांमधील अंतर दोन-तीन इंचांहून जास्त असेल, तर उत्तम थरही मध्ये खचल्यासारखे वाटतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत सलग प्लायवूडच्या बंद पलंगाखाली ओल धरते, तेव्हा फळीला भोके पाडून घ्यावीत.

गादी घरी आल्यावर दोन-तीन आठवडे वापरून मगच निर्णय घ्यावा. तरीही खांदा दुखत असेल तर वरचा आणि मधला थर आपसात बदलून पाहावेत. मधला थर अधिक मऊ असेल तरच याचा उपयोग होतो. सकाळी कंबर आखडत असेल तर अधिक कडक थर वर किंवा मध्ये आणावा. एका वेळी एकच बदल करून त्यावर काही रात्री काढाव्यात. थर हलवताना कडेला धरून ओढू नये, कारण तो चटकन फाटतो. दोघांनी खालून हात घालून तो उचलावा आणि उन्हात ठेवू नये. एवढे करूनही जमले नाही, तर पूर्ण गादी परत न देता एकच थर बदलून मिळतो का, त्याचे पैसे आणि वाहतूक कोणाकडे, हे खरेदीच्या वेळीच पावतीवर लिहून घ्यावे.